दोन एकर, दोन म्हशी आणि ऊस: रासायनिक खत सोडून घर चालेल का?

मळीवाला
नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज विचारायला आलोय.

करवीर तालुक्यात पंचगंगेच्या काठाला आमचं दोन एकर रान. त्यातली सव्वा एकर नदीकडची मळी, उरलेले तीस गुंठे वर माळाला. मळीत वर्षानुवर्षं ऊस, को ८६०३२ जातीचा. माळावर पावसाळ्यात सोयाबीन नाहीतर भुईमूग, मागनं हरभरा किंवा वैरणीपुरता शाळू. विहीर नाही, पाणी संस्थेचं पाणी पाळीनं येतं, तेही लाईट असेल त्या वेळेला. गोठ्यात दोन म्हशी, एक रेडकू. दूध डेअरीला जातं. मी एमआयडीसीत शिफ्टला, रान आबा आणि बायको बघतात. आबांचे गुडघे आता सरीत वाकू देत नाहीत.

यंदा पहिल्यांदा माती तपासली. सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के. खताची पोती दरवर्षी वाढतात, टनेज जागेवरच. घरात लहान पोरगी आहे, तिला खायला तरी बिनऔषधाचं मिळावं असं बायकोचं म्हणणं. आबांचं म्हणणं, "खत थांबवलंस तर उसाची वैरण होईल." दोघांचंही खरं वाटतं, म्हणून इथं आलोय. एकदम सगळं बंद करायचं का हळूहळू? ऊस ठेवायचा का काढायचा? आम्ही कारखान्याचे सभासद आहोत, त्यामुळं ऊस एकदम बंद केलेला घरात कुणालाच चालणार नाही.

यूट्यूबचे व्हिडिओ बघून झालेत. एकरात दहा लाखवाले नकोत, आपल्या भागातलं सांगा.

भावड्या_कागल
भावा, पहिलं आबांना नमस्कार सांग. व्हिडिओवाल्या दहा लाखांत नऊ लाख व्हिडिओचंच असतंय.

माझं म्हणशील तर जीवामृत चालू कर आणि बाकी इचार सोड. २०० लिटरच्या बॅरलात १० किलो ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं, दोन-तीन दिवसांनी पाटाच्या पाण्यातनं सोडायचं. एकराला एक बॅरल. गूळ काळा, चिकट, कुणी खात नाही तसला घेतलास तरी चालतोय.

फक्त शेण देशी गाईचं पायजे. म्हशीचं चालतंय का नाही हेच्यावर आमच्या गावात दोन पार्ट्या हायत.

वाफसा
मळीवाले, तुमचा प्रश्न हिशेबाचा आहे, म्हणून आधी हिशेबच मांडतो. कृषी विस्ताराच्या कामात आयुष्य गेलं, त्यामुळे थोडं कंटाळवाणं होईल.

०.४० च्या खाली कर्ब म्हणजे जमीन 'कमी' या वर्गात. सुरू (थंडीत लावलेल्या) उसाला विद्यापीठाची शिफारस हेक्टरी २५०:११५:११५ किलो नत्र, स्फुरद, पालाश, म्हणजे एकरी १०० किलो नत्र. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का, टनाला पाच किलो. सगळं नत्र शेणखतातूनच द्यायचं म्हटलं तर एकरी २० टन. तुमच्या सव्वा एकराला २५.

आता गोठ्याकडे बघा. मोठी म्हैस दिवसाला १२ ते १५ किलो शेण टाकते. वर्षाचं धरलं तर पाच टनांच्या आसपास, आणि कुजल्यावर ते निम्म्यावर येतं. दोन म्हशींचं मिळून पाच टन खत. तेही शेण सगळं उकिरड्यात गेलं तर. गोवऱ्या थापत असाल तर आणखी कमी. म्हणजे आबा चुकीचं बोलत नाहीत. यंदा पोतं बंद करून नुसत्या शेणावर राहिलात तर ऊस खरंच बसेल.

दुसरी बाजू अशी, की उसाला लागणारं सगळं नत्र शेणातूनच यावं असं नाही. ऊस स्वतःच एकरी तीन-चार टन पाचट (वाळलेला पाला) टाकतो. तुम्ही ते पेटवता का?

मळीवाला
पेटवतो. खरं सांगायचं तर आम्ही नाही पेटवलं तरी शेजारचा पेटवतो आणि आग आमच्यात येते. तोडणीची टोळीसुद्धा पाला सोलायला नको म्हणून फडच पेटवायला बघते. चिटबॉयला (कारखान्याच्या तोडणी बघणाऱ्या माणसाला) सांगून उपयोग नाही.

वाफसा
मग सुरुवात तिथूनच. जीवामृत, दशपर्णी, गांडूळखत हे सगळं पुढचं. तोडणी झाली की बुडखे जमिनीलगत कोयत्याने छाटा, म्हणजे फुटवा जमिनीच्या आतून येतो. पाचट एकाआड एक सरीत दाबा, मोकळ्या सरीतून पाणी द्या. सगळ्याच सऱ्या भरल्या तर पाटाचं पाणी पुढं सरकत नाही आणि तुमची पाळी संपते. पाचटावर शेणाची स्लरी आणि कुजवणारं जिवाणू खत शिंपडा. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास. कुजवणारे जिवाणू सुरुवातीला आपल्यासाठी जमिनीतलं नत्र ओढतात. त्या काळात खोडवा (बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस) पिवळा दिसला की लोक म्हणतात 'पाचटानं ऊस मारला' आणि पुढच्या वर्षी काडी लावतात. पहिल्या खोडव्याला थोडा युरिया पाचटावर टाकावा लागला तर टाका, पाप लागत नाही.

शेजाऱ्याशी तोडणीच्या आधी बोला, आग लागल्यावर नव्हे. बांधालगतच्या दोन सऱ्यांतलं पाचट आत ओढून घेतलं तर आग सहज उडी मारत नाही.

लावणीच्या उसाला बेणेप्रक्रिया करा. अॅसिटोबॅक्टर हेक्टरी १० किलो आणि स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत सव्वा किलो, १०० लिटर पाण्यात, त्यात टिपरी (लावायचे उसाचे तुकडे) अर्धा तास बुडवायची. राहुरी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे यानं नत्राची निम्मी आणि स्फुरदाची पाव मात्रा वाचते. इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, वाचते म्हणजे कमी लागते, शून्य होत नाही.

भावड्या_कागल
काका, जीवामृताला तुमी एका वाक्यात उडवलासा. जीवामृत सांगणाऱ्या सुभाष पाळेकरांना २०१६ ला पद्मश्री काय उगच दिली व्हय?

वाफसा
पद्मश्री दिली हे खरं, आणि त्यानंतर २०१९ मध्ये राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीने त्यांच्या झिरो बजेट शेतीवर जाहीर आक्षेप घेतला हेही खरं. मी दोघांच्या भांडणात पडत नाही. १० किलो शेणात नत्र किती असतं ते बघा. ते खत नाही, विरजण आहे. रानात पाचट, शेणखत, हिरवळीचं काही असेल तर ते विरजण कामाचं. ०.३८ च्या उघड्या जमिनीत नुसतं बॅरल ओतून काय लागणार?

आणि म्हशीच्या शेणानं चालतं. खिलार गाय हौसेनं पाळायची तर पाळा, छान जनावर आहे. पण जीवामृतासाठी म्हणून दोन एकरवाल्यानं तिसरं जनावर दावणीला बांधलं, तर त्याची वैरण कुठून येणार हे आधी बघा.

भावड्या_कागल
विरजणाचं पटलं. खिलारचं नाय पटलं. पण जाऊदे.

माळवंवाली
वाफसा काकांना +१. फक्त या सगळ्या हिशेबात एक माणूस दिसत नाही, ती म्हणजे मळीवाल्यांची बायको.

मी गडहिंग्लज भागातली. आमचं रासायनिक बंद होऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळं बोलते. तणनाशक बंद केलं की भांगलण वाढते, आणि भांगलण कोण करतं? स्लरी ढवळायची, निंबोळ्या गोळा करायच्या, वाळवायच्या, कुटायच्या, हेही बाईच्याच गळ्यात. म्हशी आहेत, पोरगी लहान आहे, सासऱ्यांचे गुडघे दुखतात, नवरा शिफ्टला. दादा, राग मानू नका, पण सेंद्रिय शेतीचा निर्णय तुम्ही घेणार आणि राबणार ती, असं होऊ देऊ नका. एक तर पैरा करणारी (एकमेकांच्या रानात आलटून-पालटून राबणारी) दोन घरं आधी बघून ठेवा, नाहीतर रान इतकंच घ्या जितकं दोघांच्या हातून उरकेल.

माझा सल्ला, उसाला पहिल्या वर्षी हातच लावू नका. काका सांगतात तसं पाचट ठेवा, बास. माळावरच्या तीस गुंठ्यांपैकी दहा गुंठे माळव्याला (भाजीपाल्याला) काढा. आधी घरचं खाणं, मग वरकड विकायचं. मेथी, पोकळा, शेपू, चाकवत लवकर हाताशी येतात आणि किडीच्या आधी उपटून होतात. त्यामागं गवारी, वरणा, घेवडा. शेंगवर्गातलं असलं की जमिनीलाही बरं. वांगी, टोमॅटो, फ्लॉवर सुरुवातीला नको. वांग्याच्या शेंडेअळीनं नव्या माणसाचा धीर सुटतो. लावायचीच तर थोडी लावा, कामगंध सापळे लावा आणि सुकलेले शेंडे रोज खुडून जाळा. हे रोजचं काम आहे, रविवारचं नाही.

मावा-तुडतुड्याला निंबोळी अर्क. पाच किलो वाळलेल्या निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, १०० लिटर पाणी करायचं, फवारायच्या वेळी थोडा साबणचुरा. संध्याकाळी मारायचं, उन्हात त्याचा जोर जातो. आधीच्या उन्हाळ्यात निंबोळ्या वेचल्या नसतील तर विकतच्या अर्कावर भागवावं लागतं आणि मग 'घरच्या घरी' हा शब्द विसरायचा.

मळीवाला
ताई, राग कसला. बायकोला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती म्हणाली, "ह्या बाईंना घरी जेवायला बोलवा."

दहा गुंठ्यांचं जमेल. पण विकायचं कुठं? मार्केट यार्डात सेंद्रिय मेथीला आणि साध्या मेथीला एकच भाव. उसाचंही तेच. कारखान्याच्या काट्यावर कुणी विचारत नाही की युरिया घातलावता का शेणखत.

चुलवाण
या शेवटच्या वाक्यासाठी लॉगिन केलं.

आमचं गुऱ्हाळ आहे, पन्हाळ्याच्या बाजूला. कारखान्यात सेंद्रिय उसाला वेगळा दर नाही, असणारही नाही. एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) ठरते ती साखर उताऱ्यावर. तुम्ही खताचा खर्च कमी केलात तर तेवढाच तुमचा फायदा. उसाला किंमत मिळवून द्यायची तर त्याचा गूळ केला पाहिजे. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तरी जिल्ह्यातली गुऱ्हाळं एकेक बंद होत चालली आहेत, ते का हे इथं सांगितलं पाहिजे.

यार्डात गूळ डोळ्यांनी विकला जातो. पिवळाधमक रवा (गुळाची ढेप) दिसला की बोली चढते, तांबूस-काळपट दिसला की अडत्या पुढं सरकतो. पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्यालाही रंगच बोलतो. मग गुळव्या (गूळ करणारा कारागीर) काहिलीत हायड्रॉस, म्हणजे रंग उजळवणारी रासायनिक पावडर टाकतो. त्यानं गूळ त्या दिवशी पिवळा दिसतो आणि ठेवणीत पुन्हा काळवंडतो. काहीजण साखर मिसळतात, ते तर सांगायलाही लाज वाटते. आम्ही रानभेंडीचा चीक आणि जरा चुन्याची निवळी, एवढ्यावर रसातली मळी (घाण) काढतो. रस उतू जाऊ नये म्हणून थोडं शेंगतेल. असा गूळ रंगाला मार खातो, चवीला आणि टिकायला चांगला. यार्डात त्याला भाव नाही, घरोघर आहे.

आता तुमच्या कामाचं. एक टन उसाला १०० ते १२० किलो गूळ. एकराचा ३५-४० टन ऊस गाळला तर चार टन गूळ हातात येतो. चार टन गूळ ओळखीत खपत नाही, सांगून ठेवतो. पावसाळ्यात घाम सुटून पाझरायला लागला की रडायची पाळी. म्हणून दहाच गुंठे गुळासाठी वेगळे राखा. नऊ-दहा टन ऊस, टनभर गूळ, एक-एक किलोचे रवे. जात गुळासाठी को ९२००५ लावा, कोल्हापूरच्या गूळ संशोधन केंद्रानं तीच गुळासाठी शिफारस केली आहे. ८६०३२ चाही गूळ होतो.

आणि नत्र जास्त झालेल्या उसाचा गूळ मऊ पडतो, रंग धरत नाही, टिकत नाही, हे गुऱ्हाळावर सगळ्यांना माहीत असतं. जुना गुळव्या काहिलीजवळ उभा राहून सांगतो की ह्या फडाला युरिया भरपूर झालाय. खारवट रानाचा गूळ खारट लागतो, तो तर जिभेलाच कळतो. तेव्हा खत कमी करायचा प्रयोग कुठं करायचा, तर गुळाच्या दहा गुंठ्यांत. उसाचं वजन थोडं घटलं तरी गुळात वसूल होतं. कारखान्याच्या उसात घटलं की ते घटलंच.

गुऱ्हाळवाल्याशी आधी बोलून ठेवा. काहील धुवून सकाळचं पहिलं आधण तुमचं असलं पाहिजे, हायड्रॉसचा डबा लांब. आणि गूळ होईपर्यंत तिथून हलू नका. काकवी पाहिजे असेल तर थोडा रस १०५-१०६ अंशांवर उतरवून घ्यायचा, गुळाला तो ११८ पर्यंत जातो.

वाफसा
हा या धाग्यावरचा सगळ्यात कामाचा प्रतिसाद. मी आयुष्यभर एकरी टनेज सांगत फिरलो, हे कुणी विचारलं नाही.

पुणेस्थित_कोल्हापुरी
वाचतोय. ग्राहक म्हणून एक प्रश्न. इथं पुण्यात 'सेंद्रिय कोल्हापुरी गूळ' म्हणून जे मिळतं त्यावर विश्वास कसा ठेवायचा? तुमच्याकडं प्रमाणपत्र असतं का? मळीवाल्यांनी गूळ केला तर मी दहा किलो घेईन, पण बायको पहिला प्रश्न हाच विचारेल.

माळवंवाली
दोन प्रकार आहेत. एक एनपीओपी (केंद्राचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम), त्यात अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या यादीतली संस्था येऊन तपासते. निर्यातीला तेच लागतं, खर्च बराच, एकट्या छोट्या शेतकऱ्याचं काम नाही. दुसरं पीजीएस, म्हणजे सहभाग हमी पद्धत. त्यात गावातल्या किमान पाच शेतकऱ्यांचा गट करायचा, एकमेकांची रानं एकमेकांनी तपासायची, वह्या ठेवायच्या. बदलाच्या काळात 'पीजीएस ग्रीन', मुदत पुरी झाली की 'पीजीएस ऑरगॅनिक'. हंगामी पिकांना दोन वर्षं, बहुवर्षी पिकांना तीन. २०१५ पासूनच्या परंपरागत कृषी विकास योजनेतही २० हेक्टरांचे गट याच पद्धतीनं केले गेले.

मळीवाल्यांची अडचण अशी, की पीजीएसमध्ये अर्धं रान सेंद्रिय आणि अर्धं रासायनिक असं कायम चालत नाही. आज ना उद्या सगळं आणावं लागतं. म्हणून मी म्हणेन, आत्ता प्रमाणपत्राच्या मागं लागू नका. शेतकरी खाणाऱ्याला थेट विकत असेल तर ते सक्तीचं नाही. पाकिटावर 'सेंद्रिय' छापून दुकानात ठेवायचं असेल तेव्हा लागतं. तोवर पाकिटावर तो शब्द लिहू नका, काय घातलं आणि काय नाही ते सांगा. पुण्याच्या वहिनींना म्हणावं, एकदा गुऱ्हाळावर या.

आणि विकायचं म्हणाल तर मी गावातल्या बाजाराला बसते, शिवाय शहरातली काही घरं बांधलेली आहेत. आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर काय आहे ते टाकते, सकाळी पिशव्या जातात. तुम्ही एमआयडीसीत आहात ना? शिफ्टला जाताना पिशव्या घेऊन जा. कामगार माणूस मेथीची जुडी घेतो, भावही फार करत नाही. एकदा गिऱ्हाईक लागलं की त्याला दर आठवड्याला काहीतरी दिलं पाहिजे, दोन आठवडे खंड पडला की तो पुन्हा भाजीवालीकडं जातो. त्यामुळं सगळं एकदम पेरू नका, आठ-दहा दिवसांच्या अंतरानं वाफे टाका.

आजरेकर
इकडं आमच्याकडं गोष्ट सोपी आहे म्हणून लिहू का नको असं झालं होतं. आजरा घनसाळ लावणाऱ्याला रासायनिक सोडणं फारसं जड जात नाही, कारण त्या भाताला खत जास्त झालं की ते उंच वाढून लोळतं. वासाचं भात आहे, २०१६ मध्ये त्यालाही मानांकन मिळालं. उतारा कमी, दर चांगला. सेंद्रिय शेती पिकाच्या स्वभावावर असते असं माझं मत. ज्या पिकाची भूक मोठी, त्याला उपाशी ठेवून सेंद्रिय म्हणायचं आणि मग रडायचं, यात अर्थ नाही. मळीवाल्यांच्या माळावर पावसाळ्यात भुईमूग आहेच, नाचणीही घालून बघा. खायला घरात, वैरणीला म्हशींना.

विनानांगरणीबद्दल कुणी बोललं नाही अजून. आमच्याकडं काहीजण एसआरटीनं (सगुणा राइस तंत्रानं) भात करतात, गादीवाफे एकदा करायचे, पुन्हा नांगरट नाही. मुळं जमिनीत कुजतात, गांडुळं दिसायला लागतात. कोल्हापुरातच प्रताप चिपळूणकरांनी उसातही विनानांगरणी वर्षानुवर्षं केली आहे. फक्त या दोन्ही पद्धतींत तण मारायला तणनाशक येतं. म्हणजे जमिनीला बरं, पण सेंद्रिय नव्हे. मला स्वतःला त्याचं वावडं नाही, इथं कुणाला असेल.

माळवंवाली
मला आहे.

आजरेकर
माहीत होतं :)

भावड्या_कागल
हुमणीचं (मुळं खाणाऱ्या अळीचं) कुणी बोलंना. आमच्याकडं गेल्या साली खोडवं वर उचललं की बुडख्यासकट हातात. सेंद्रियवाल्यांनी हुमणीला काय करायचं?

वाफसा
हुमणीला औषधवालेही हतबल आहेत, त्यामुळे त्यात तुमचं-आमचं नाही. अळी जमिनीत गेल्यावर फारसं काही हाती राहत नाही. वेळ साधायची ती भुंग्याची. वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला की मे-जूनमध्ये संध्याकाळी अंधार पडताना भुंगे जमिनीतून निघतात आणि कडुलिंब, बाभळीवर पाला खायला बसतात. फांद्या हलवायच्या, खाली पडलेले गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. प्रकाश सापळेही लावता येतात. एक मादी ५०-६० अंडी घालते, त्यामुळे त्या काही संध्याकाळी वाया घालवू नका. शिवाय मेटारायझियम बुरशी एकरी आठ किलो शेणखतात मिसळून, ओल असताना सरीत द्या. कच्चं शेणखत रानात टाकू नका, हुमणीची अंडी-अळ्या उकिरड्यातूनही येतात.

पण एकट्यानं भुंगे धरून भागत नाही, शेजारच्या रानातले येतात. तालमीच्या पोरांना धरा. नदीकाठच्या मळीत हुमणीची वेगळी जात असते, ती झाडावर अशी गोळा होत नाही. मळीवाल्यांना मुख्य आधार बुरशीचा आणि मशागतीच्या वेळी उघड्या पडलेल्या अळ्या वेचण्याचा.

मळीवाला
मळीवरून आठवलं. २०१९ ला आणि २०२१ ला, दोन्ही वेळा मळीत पुराचं पाणी होतं. २०१९ ला शेंड्यावरून गेलं, ऊस कुजला, डोळ्यांतून पांगशा (बाजूचे कोंब) फुटल्या. असं पाणी आलं की वरच्या सगळ्यांच्या रानातलं औषध, शहराचं सांडपाणी, सगळंच आमच्यात. मग मळी सेंद्रिय कशी म्हणायची?

चुलवाण
नका म्हणू. मळी कारखान्याला ठेवा, पाचट मात्र ठेवा. गुळाचे दहा गुंठे माळावर पाणी पोचत असेल तर तिकडं घ्या. आणि उकिरडा नदीकडं असेल तर आजच हलवा, पुरात वर्षाचं खत एका रात्रीत जातं.

मळीवाला
उकिरडा वर घराजवळच आहे, तेवढं शहाणपण आबांना होतं.

मग असं करतो. यंदाचा खोडवा तुटला की पाचट ठेवायचं, युरिया पाचटावर पडेल तेवढाच. माळावर दहा गुंठे माळवं, दहा गुंठे गुळाचा ऊस, उरलेल्या दहात भुईमूग आणि नाचणी. मळीत खोडवा संपल्यावर ताग घेऊन हिरवळीचं खत म्हणून गाडायचा म्हणतोय. मे मध्ये पेरून जूनअखेर गाडला तर चालेल का? जुलैत मळीत ट्रॅक्टर उतरत नाही.

वाफसा
माळाला ताग, मळीला नको. तागाला साचलेलं पाणी सोसत नाही, धैंचा या दुसऱ्या हिरवळीच्या पिकाला सोसतं. शिवाय जूनअखेर गाडलेल्या हिरवळीचं नत्र जुलै-ऑगस्टच्या पावसात धुऊन जाईल, ऑक्टोबरात लावलेल्या उसाला काय उरणार? मळीत धैंचा पूर ओसरल्यावर, ऑगस्टअखेर पेरा. एकरी २० ते २५ किलो बी. ४५-५० दिवसांनी फुलावर येतानाच गाडा, खोड कडक झालं की लवकर कुजत नाही. नोव्हेंबरात पूर्वहंगामी लावण करा. पुढच्या पुरापर्यंत तो ऊस उंच झालेला असतो, शेंडा पाण्याच्या वर राहायची शक्यता वाढते.

भावड्या_कागल
धैंचाचं बी ऑगस्टात दुकानात मागायला गेलास तर मिळंल का नाही सांगता येत नाही. जूनलाच आणून ठेव, उंदरांपासनं जपून.

मळीवाला
ठरलं. आबा 'बघू' म्हणालेत, म्हणजे आमच्याकडं हो असतं. माळवंवाली ताई, वरण्याचं गावठी बी तुमच्याकडं असेल का? बाजारातलं घेतलेलं मागच्या वेळी वांझ निघालं.

माळवंवाली
आहे. ओंजळभर देईन, पुढच्या वर्षी दोन ओंजळी परत करायच्या. बायकोला घेऊन या. फक्त बाजाराच्या दिवशी येऊ नका, त्या दिवशी मला बोलायला सवड नसते.